गायींच्या जागी गलबते

पिंपळगाव रेणुकाईच्या माणसाला समुद्राचे काय सांगावे! भोकरदन तालुक्यात पाण्याचा विषय निघतो तो विहिरीपुरता आणि पावसापुरता. वीरगळ मात्र आम्हा मराठवाड्याच्या माणसांना परके नाहीत. खाली झुंज, बहुधा गायींसाठी झालेली. मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्याशी चंद्रसूर्य. म्हणूनच मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर येथील सहा वीरगळ पाहताना मी चक्रावलो. मांडणी तीच, पण काही शिळांवर गायींच्या जागी गलबते!

शिळा चांगल्या पुरुषभराहून उंच. गलबतांची टोके वर उचललेली, मधोमध डोलकाठी, कडेला ओळीने वल्ही. जहाजे एकमेकांवर चालून जात आहेत आणि माणसे पाण्यात कोसळत आहेत. आपल्याकडच्या जुन्या युद्धनौका कशा दिसत, हे इतके ढळढळीत सांगणारे पुरावे फार थोडे. वल्ह्यांची ओळ कोणत्या राजकवीने वर्णिली असती?

ही लढाई कोणती? शिळांवरची अक्षरे झिजून गेली आहेत. पुष्कळ अभ्यासक ती १२६५ च्या सुमाराची मानतात: देवगिरीचा महादेव यादव विरुद्ध उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर. काहींच्या मते शिळा याहून जुन्या आहेत. सोमेश्वर समुद्रात बुडाला हे मात्र हेमाद्रीच्या ग्रंथातील यादवप्रशस्तीत आहे. हेमाद्री म्हणजे आपले हेमाडपंत, महादेवाचे मंत्री. प्रशस्तीत सोमेश्वराला महादेवाच्या कोपापेक्षा समुद्रातला वडवानल बरा वाटतो! जिंकणाऱ्याच्या दरबारचे काव्य ते; त्यात महादेवाचे मदमत्त हत्ती आहेत, वल्ही मारणारी माणसे नाहीत.

तर्क पहिलाच खरा असेल, तर आमच्या देवगिरीच्या राजाने गलबते आणली कोठून? किनाऱ्यावरच्या खलाशांवाचून ते जमले नसते, असे मला वाटते. म्हणजे दोन्हीकडे कोकणचीच माणसे वल्ही मारत असतील.

जाताना, खरे सांगायचे तर, देवगिरीचा विजय पाहायला मिळणार म्हणून मी खूश होतो. पण शिळेवरचा वीर कोणत्या बाजूचा, तेच कळेना. मग पाण्यात पडणाऱ्या त्या लहानशा आकृत्यांकडे बराच वेळ पाहत राहिलो. त्यांत एखादा घाटावरचा, विहिरीपलीकडे पाणी न पाहिलेला शिपाईही असेल का?