लेकींच्या वाटेने मागे

सकाळी साडेसहा. केपटाउनमध्ये जेमतेम उजाडलेलं असतं तेव्हा पर्थला दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. त्यामुळे तिकडच्या बाईंची मेल माझ्या चहाच्या आधी येऊन पडते. बाई जन्माने आफ्रिकानर, म्हणजे केपच्या जुन्या युरोपीय वसाहतवाल्यांच्या वंशातल्या, लग्नानंतर ऑस्ट्रेलियाला गेलेल्या. घरात भिंतीवर वंशवृक्ष आहे, फ्रेम करून लावलेला. बुंध्याशी 1688 च्या सुमाराला केपला उतरलेला एक फ्रेंच ह्युगनो, म्हणजे प्रोटेस्टंट निर्वासित, पुरुष, वर सगळे मुलगे, नातू, पणतू. आणि आता डीएनए चाचणीने सांगितलंय की त्यांच्यात दोनेक टक्के दक्षिण आशिया आहे. ‘हे कुठून आलं?’ एवढा एकच प्रश्न, खाली तीन उद्गारचिन्हं.

हे माझ्या पोटापाण्याचं काम. जुन्या केप वसाहतीतल्या घराण्यांचे धागे लोकांना शोधून देते. निम्मे ग्राहक याच प्रश्नाने सुरुवात करतात.

सात. चहाबरोबर थोडं गणित. दहा पिढ्यांमागे प्रत्येकाला 1024 पूर्वज असतात. त्यांतली एकच बाई भारतातली असेल, तर तिचा वाटा हजारात एकसुद्धा भरत नाही. दोन टक्के म्हणजे अशा बायका बऱ्याच, किंवा तीच बाई वीसेक वाटांनी परत परत आलेली. केपला दोन्ही घडलं. वस्ती लहान होती, चुलत-मावस नात्यांत लग्नं सर्रास व्हायची. 2020 मध्ये 77 आफ्रिकानर व्यक्तींच्या जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात युरोपबाहेरचा वाटा सरासरी 4.7 टक्के निघाला, त्यात भारतीय उपखंडही होता. बाईंचं काही जगावेगळं नाही, एवढं मी त्यांना आधी लिहून टाकते. लोक घाबरतात, किंवा हल्ली उलट, फार हुरळतात.

साडेआठ. रोलंड स्ट्रीटवरचा सरकारी दप्तरखाना. इमारतीच्या जागी एके काळी तुरुंग होता. पिशवी लॉकरमध्ये, शाईचं पेन बाहेर, आत फक्त पेन्सिल. मागणीची चिठ्ठी भरायची आणि खोका येईपर्यंत बसून राहायचं.

इथलं छापील घराण्यांचं जे मोठं पुस्तक आहे, द व्हिलियर्सने सुरू केलेलं आणि 1966 मध्ये पामाने नव्याने सिद्ध केलेलं, त्यात मूळपुरुषाला ‘ए’, त्याच्या मुलांना ‘बी1’, ‘बी2’, नातवंडांना ‘सी1’, ‘सी2’ अशी अक्षरं आणि आकडे मिळतात. पद्धत झकास आहे. ‘बी3सी5डी2’ म्हटलं की माणूस कोणत्या फांदीवरचा ते लगेच कळतं. पण लेकीला आकडा मिळतो तो तिच्यापुरताच. लग्न झालं की तिची मुलं जावयाच्या घराण्याच्या पानावर जातात आणि इथली फांदी तिथेच थांबते. आपल्याकडच्या कुलवृत्तांतात तरी वेगळं काय आहे? सून आत येते ती नाव बदलून, आणि लेक ‘अमुक यांस दिली’ एवढ्या तीन शब्दांत संपते.

दहा. खोका आला. ऑर्फन चेंबर म्हणजे अनाथांच्या इस्टेटी सांभाळणारी कचेरी, 1673 पासूनची. तिच्या मालमत्तेच्या याद्या आता लिप्यंतर होऊन संगणकावरही शोधता येतात, तरी शंका आली की मी मूळ कागदच मागवते. इथे बसलं की मला तेव्हा केपवर राज्य करणाऱ्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या कारकुनांबद्दल कृतज्ञता वाटायला लागते, आणि ती त्या कंपनीबद्दल नाही हे स्वतःला बजावावं लागतं.

त्याचं कारण असं. रोमन-डच कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरायचे. एकजण गेला की निम्मी मागे राहिलेल्याची, आणि उरलेल्या निम्म्यात मुलांचा वाटा. मुलगा आणि मुलगी, दोघांना सारखा. अज्ञान मुलं असतील तर त्यांचा हिस्सा कोणी गिळू नये म्हणून यादी करणं आलं. त्यामुळे यादीच्या माथ्यावर सगळ्या वारसांची नावं येतात, वयं येतात, लग्न झालेल्या लेकी जावयांच्या नावासकट येतात. शिवाय डच कागदांत बाई लग्नानंतरही माहेरच्याच नावाने लिहिली जाते. विधवा लगोलग दुसरं लग्न करायची, तिसरंही. तरी कागदावर ती तीच. छापील पुस्तक मुलग्यांच्या मागे गेलं, पण कचेरी पैशांच्या मागे गेली, आणि पैसा लेकींकडेही जात होता. मी बाईंचा माग काढते तो असा, पुस्तकाकडे पाठ फिरवून, वाटण्यांच्या कागदांतून.

आजची अडचण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली एक विधवा. दोन लग्नं, दोन्ही घरची मुलं, त्यात एकाच नावाच्या दोन मुली. इथली रीत अशी की पहिल्या मुलाला आजोबांचं नाव, पहिल्या मुलीला आजीचं. मग पाच भावांच्या घरांत पाच सारखी नावं. यादीत पहिल्या नवऱ्याची मुलं वेगळी मांडली होती, म्हणून सुटका झाली. खाली नेहमीप्रमाणे खोलीवार सामान: पलंग, तांब्याच्या किटल्या, बैल, गाड्या. आणि त्याच शाईत, त्याच वळणाने माणसं. अमुक मलबारचा, अमुक बंगालची, अमुक केपमध्ये जन्मलेला. पुढे किंमत.

साडेबारा. कंपनीज गार्डनमध्ये बाकावर बसून सालोमी खाते, रोटीत गुंडाळलेला मसालेदार खिमा. केपच्या मलाय स्वयंपाकातला हा प्रकार इथे रस्त्यावर मिळतो. ही बाग म्हणजे 1652 मध्ये कंपनीचा इथला पहिला प्रमुख व्हान रिबीक याने जहाजांसाठी सुरू केलेला भाजीचा मळा. पलीकडेच 1679 मध्ये बांधलेलं कंपनीच्या गुलामांचं घर आहे, आता संग्रहालय. माझ्या ग्राहकांचे पूर्वज या दोन्ही ठिकाणी राबले. वंशवृक्ष मात्र फक्त मालकांचे टांगले जातात.

दीड. पर्थच्या बाईंची वाट जिकडे जाते आहे असा माझा कयास आहे, त्या बाईचं टिपण उघडते. अँजेला, कागदांत बहुतेकदा आन्सेला, बंगालची. गुलाम म्हणून आणलेली, व्हान रिबीकच्या घरी राबलेली, तो 1662 मध्ये केप सोडून गेला तेव्हा अब्राहम गाब्बेमाला विकलेली. गाब्बेमा बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, निघाला तेव्हा, 1666 मध्ये, त्याने तिला तीन मुलांसह मुक्त केलं. त्यातही अट होतीच, सहा महिने दुसऱ्या एका घरी काम करायचं. 1667 मध्ये तिला गावात जागा मिळाली. 1668 मध्ये बाप्तिस्मा झाला आणि 1669 च्या डिसेंबरात आर्नोल्डस विलेम्स बासॉन नावाच्या माणसाशी लग्न. बासॉन घराण्याच्या पानावर तो मूळपुरुष. ती त्याच्या ओळीत फुलीनंतर येते. वंशावळीच्या लिपीत फुली म्हणजे लग्न.

तिच्या आधीच्या मुलांपैकी आन्ना द कोनिंग. तिने ओलोफ बर्ग या स्वीडिश अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि पुढे ती ग्रूट कॉन्स्टान्शियाच्या द्राक्षमळ्यांची मालकीण झाली. गुलाम म्हणून सुरुवात केलेली मुलगी एका आयुष्यात वसाहतीतल्या सगळ्यांत नावाजलेल्या जमिनीवर. ही गोष्ट सांगताना लोकांचा आवाज चढतो. माझा पूर्वी चढायचा. मग लक्षात येतं की आन्सेलाच्या घरीही पुढे गुलाम होते, आणि कॉन्स्टान्शियाचे मळे कोणी हातात फावडी घेऊन लावले ते त्या मळ्याच्या याद्यांतच आहे. ग्राहकाला मी हे दोन्ही एकाच परिच्छेदात लिहून देते. कोणाला आवडत नाही.

तीन. थोडी कंटाळवाणी तासभराची मजल: गिरजाघराच्या नोंदींची छायाचित्रं. इथे कायमचा पाद्री 1665 मध्ये आला, त्याच्या आधीचं फारसं काही हाती लागत नाही.

साडेचार. घरी. बाईंची मातृक जनुकांची चाचणी आलेली आहे. ही जनुकं आईकडून मुलांना जातात आणि पुढे फक्त लेकीच ती चालवतात. निष्कर्ष ‘एम’ समूहाचा. भारतात तो खूप आढळतो, पण आग्नेय आशियातही आढळतो, आणि कंपनीने गुलाम दोन्हीकडून आणले. म्हणजे पुरावा एकट्याने उभा राहत नाही. प्रत्येक पायरीवर आई-मुलीचं नातं कागदाने बांधायला लागतं. एक पायरी चुकली की मी दुसऱ्याच कोणाच्या आजीला यांच्या गळ्यात बांधून मोकळी.

सहा. पर्थहून आणखी एक प्रश्न. त्यांना घराण्याचं चिन्ह हवंय, ढाल आणि सिंह असलेलं. तिकडे रात्रीचे बारा वाजलेत, बाईंना झोप नाही. मी लिहिते की मी चिन्हं विकत नाही. दुसरा प्रश्न: आन्सेलाचं गाव कोणतं?

याचं उत्तर मला देता येत नाही आणि कुणाला देता येईल असं वाटत नाही. जी बाई मालमत्तेत वाटा घेते तिचे आई-बाप कागदावर येतात, कारण वाटा त्यांच्याकडून आला. जी स्वतःच मालमत्ता होती, तिच्यासाठी कारकुनाला फक्त विकणारा आणि विकत घेणारा हवा होता. अहवालात तिच्या ओळीला ‘आई’ आणि ‘वडील’ हे दोन रकाने मी रिकामे सोडते. ‘बंगाल’ त्यांत भरत नाही. ते जन्मस्थळाच्या रकान्यात प्रश्नचिन्हासह जातं.

साडेसात. अहवाल अर्धा. उद्या स्टेलनबॉशला चर्चच्या दप्तरात जायचंय. त्या दोनदा लग्न झालेल्या विधवेच्या थोरल्या लेकीच्या बाप्तिस्म्याला साक्षीदार कोण उभं होतं ते बघायचं. आजी असली तर एक पिढी सुटली.