प्रशिक्षक हवा, पण फ्रेंच बोलणारा!

व्यावसायिक संघाला नवा मुख्य प्रशिक्षक नेमायचा असला की मालक मंडळी काय पाहतात? गृहस्थाने आजवर किती सामने जिंकून दिले, डावपेच कसे आखतो, बड्या खेळाडूंवर त्याचा वचक आहे का आणि नव्या पोरांना हाताशी धरून घडवण्याचा धीर त्याच्यापाशी आहे का, एवढेच. उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीत तर हा हिशेब फारच रोकडा. नॅशनल हॉकी लीगमध्ये ३२ संघ आहेत. ओळीने दहा-बारा सामने हरले की प्रशिक्षकाने सामान बांधायला घ्यावे, अशी तिथली रीत. या ३२ संघांत एकच संघ असा आहे, की तिथे उमेदवाराला सगळ्यात आधी एक वेगळाच प्रश्न विचारला जातो: तुम्हाला फ्रेंच येते का?

हा संघ म्हणजे माँट्रियल कॅनेडियन्स. १९०९ साली स्थापन झालेला, म्हणजे लीगपेक्षाही आठ वर्षांनी मोठा. स्टॅन्ले चषक त्याने २४ वेळा जिंकला आहे आणि इतर कुठलाही संघ या आकड्याच्या जवळपास नाही. मुळात तो काढलाच गेला तो फ्रेंच बोलणाऱ्या लोकांचा संघ म्हणून. कॅनडात इंग्रजीचा समुद्र आणि त्यात क्वेबेक हा फ्रेंच भाषकांचा प्रांत. कारखाने, बँका, कचेऱ्या इंग्रजी बोलणाऱ्यांच्या हाती आणि फ्रेंच माणूस त्यांच्याकडे चाकरीला, अशी तिथे कित्येक वर्षे स्थिती होती. शनिवारी रात्री हॉकीच्या रिंकवर मात्र त्याचीच माणसे जिंकायची. या संघाचे तिथल्या लोकांशी असलेले नाते ओळखायचे, तर सुरुवात इथून करावी लागते.

काही वर्षांपूर्वी भाच्याकडे महिनाभर माँट्रियलला राहिलो होतो. वाण्याच्या दुकानात शिरले की गल्ल्यावरची मुलगी ‘बाँजूर-हाय’ म्हणायची. एका दमात दोन भाषा! उत्तर कोणत्या भाषेत येते त्यावर पुढचे संभाषण ठरायचे. मला मौज वाटली. पण २०१७ साली प्रांताच्या विधिमंडळाने दुकानदारांनी नुसते ‘बाँजूर’ म्हणावे असा ठराव एकमताने केला होता, हे कळल्यावर मौज ओसरली. भाचा मात्र या प्रकाराला वैतागलेला. तो म्हणाला, “मामा, तुम्हीच सांगा, चषक हवा असेल तर जगातला सगळ्यात चांगला माणूस आणायचा की भाषेचं सर्टिफिकेट बघत बसायचं?”

प्रश्न बिनतोड वाटतो. पण या संघाचा इतिहास चाळला की त्याचे उत्तर इतके सरळ राहत नाही.

मॉरिस रिशार हा या संघाचा दैवत म्हणावा असा खेळाडू. १९४४-४५च्या मोसमात ५० सामन्यांत ५० गोल करणारा. खेळ वाऱ्यासारखा आणि राग विस्तवासारखा. मार्च १९५५ मध्ये बॉस्टनला झालेल्या मारामारीत त्याने पंचालाच ठोसा मारला आणि लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांनी त्याला उरलेल्या मोसमासाठी घरी बसवले. शिक्षा करणारा इंग्रज, शिक्षा भोगणारा फ्रेंच. लोकांना त्यात आपलीच कहाणी दिसली. १७ मार्चला कॅम्पबेल स्वतः सामना पाहायला आले आणि स्टेडियममध्ये अश्रुधुराचे नळकांडे फुटले. पाठोपाठ रस्त्यावर दंगल उसळली, दुकाने फुटली. दुसऱ्या दिवशी रिशारने रेडिओवरून फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत शांततेचे आवाहन केले, तेव्हा कुठे शहर निवळले.

त्यानंतर संघाने काय केले? नवा प्रशिक्षक नेमला. तोवरचे प्रशिक्षक डिक अर्विन यांना फ्रेंच येत नसे आणि ते रिशारला शांत करण्याऐवजी चिथावतात, असे चालकांचे मत झाले होते. त्यांच्या जागी आला टो ब्लेक. नाव इंग्रजी, पण आई फ्रेंच भाषक घरातली. स्वतः दोन्ही भाषा बोलणारा आणि रिशारच्या खांद्याला खांदा लावून खेळलेला. ब्लेकने १३ मोसमांत आठ चषक जिंकले. त्यातले पहिले पाच लागोपाठ. भाषा येते म्हणून तो जिंकला असे मी म्हणणार नाही. पण रिशारला काबूत ठेवणारा माणूस शोधताना भाषेचा उपयोग झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

उलट उदाहरणही याच संघाचे. १९७०-७१च्या मोसमात मध्येच अल मॅकनील प्रशिक्षक झाले. त्यांना फ्रेंच येत नव्हते. अंतिम फेरीत त्यांनी मॉरिसचा धाकटा भाऊ आन्री रिशार याला बाकावर बसवले आणि आन्रीने वार्ताहरांसमोर त्यांचा उद्धार केला. लगेच त्याला भाषिक रंग चढला. मॅकनील यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. शेवटी सातव्या सामन्यात बरोबरीचा आणि विजयाचा, असे दोन्ही गोल आन्रीनेच केले आणि चषक माँट्रियलला आला! चषक जिंकून देणाऱ्या प्रशिक्षकाला एरवी डोक्यावर घेतात. मॅकनील यांची मात्र दुय्यम संघाकडे रवानगी झाली. त्यांच्या जागी आले स्कॉटी बोमन. माँट्रियलमध्येच वाढलेले, दोन्ही भाषा बोलणारे. त्यांनी पाच चषक मिळवले.

यानंतर तब्बल ४० वर्षे फ्रेंच न येणारा प्रशिक्षक नेमण्याचे धाडस कुणी केले नाही. डिसेंबर २०११ मध्ये ते झाले. मोसमाच्या मध्यावर सरव्यवस्थापक पिएर गोतिए यांनी प्रशिक्षक झाक मार्टिन यांना काढले आणि साहाय्यक रँडी कनीवर्थ यांना हंगामी प्रशिक्षक केले. गृहस्थ सज्जन, पण फ्रेंचचा गंध नाही. वर्तमानपत्रांनी झोड उठवली, प्रांताच्या सांस्कृतिक मंत्र्यांनी नाराजी व्यक्त केली आणि जानेवारीत स्टेडियमबाहेर निदर्शने झाली. गोतिए यांना लोकांची माफी मागावी लागली. संघाचे मालक जेफ मोलसन यांनी पत्रक काढले, की कायमचा प्रशिक्षक निवडताना दोन्ही भाषा येणे हा अत्यंत महत्त्वाचा निकष राहील. बिचारे कनीवर्थ! आपण फ्रेंच शिकू, असे ते सांगत होते. त्यांच्या हाताखाली संघाने १८ सामने जिंकले, ३२ गमावले आणि आपल्या विभागात १५ संघांत शेवटचा आला. मोसम संपता संपता गोतिए गेले आणि पाठोपाठ कनीवर्थही.

आता भाच्याची बाजू. भाषेची अट घातली की निवडीचे तळे आटते, हे खरेच आहे. फ्रेंच बोलणारे आणि लीगच्या तोडीचे प्रशिक्षक असणार किती? मग तीच माणसे फिरून फिरून येतात. २००३ साली मिशेल तेरिएं यांना काढून क्लोद ज्युलिएं यांना आणले. २०१२ साली पुन्हा तेरिएं आले. २०१७ साली त्यांना काढले आणि पुन्हा कोण? ज्युलिएं! बरे, एकच भाषा बोलणाऱ्यांचे पटतेच असेही नाही. डिसेंबर १९९५ मध्ये प्रशिक्षक मारिओ त्रांब्ले यांनी गोलरक्षक पात्रिक र्‍वा याला नऊ गोल होईपर्यंत मैदानात ठेवले. दोघेही अस्सल क्वेबेकचे. र्‍वाने तिथल्या तिथे संघ सोडत असल्याचे सांगितले, काही दिवसांत तो कोलोरॅडोकडे गेला आणि त्याच मोसमात त्यांच्यासाठी चषक जिंकला. माँट्रियलने मात्र १९९३ नंतर चषक पाहिलेला नाही.

तरीही मला ही अट चूक वाटत नाही. प्रशिक्षकाचे काम केवळ खेळाडूंपुरते नसते. मोसमात ८२ सामने, आणि प्रत्येक सामन्यानंतर कॅमेऱ्यासमोर उभे राहून का हरलो, का जिंकलो हे त्याला सांगावे लागते. तिकीट काढून येणारे हजारो लोक आणि घरी बसलेली त्यांची आईवडील मंडळी हे ऐकत असतात. ज्यांच्या पैशावर आणि प्रेमावर संघ उभा आहे, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणे हा उपकार नव्हे, तो कामाचाच भाग आहे. बँकेच्या खिडकीपाशी किंवा इस्पितळाच्या चौकशी टेबलावर आपली भाषा ऐकू आली नाही की काय वाटते, हे मुंबई-ठाण्याच्या वाचकाला मी समजावून सांगायला नको.

आणखी एक गोष्ट आहे. पूर्वी संघातच क्वेबेकची मुले भरपूर असत. १९९३च्या विजेत्या संघातही होती. आता नवोदित खेळाडूंची निवड सगळे संघ पाळीपाळीने करतात, परदेशातूनही खेळाडू येतात. १० मे २०२१ रोजी एडमंटनविरुद्ध असा दिवस उगवला, की इतिहासात प्रथमच माँट्रियलच्या संघात क्वेबेकमध्ये जन्मलेला एकही खेळाडू नव्हता. रिंकवरून भाषा गेली, ती उरली फक्त बाकामागे उभ्या असलेल्या प्रशिक्षकाच्या तोंडी. म्हणून लोक त्या एका खुर्चीसाठी एवढे भांडतात. माझ्या मते भांडण खरे तर पोरांच्या तयारीसाठी व्हायला हवे. प्रांतातल्या गल्लोगल्लीच्या रिंकवर मुले घडली, तर प्रशिक्षकावर सगळा भार पडणार नाही.

संघाने अलीकडे एक तोड काढलेली दिसते. २०२१च्या अखेरीस मोलसन यांनी हॉकीचा कारभार फ्रेंच न येणाऱ्या जेफ गॉर्टन यांच्याकडे दिला, पण जोडीला सरव्यवस्थापक म्हणून माँट्रियलचेच केंट ह्यूज आणले. फेब्रुवारी २०२२ मध्ये या जोडीने मुख्य प्रशिक्षक निवडला तो मार्ताँ सँ-लुई. खेळाडू म्हणून थोर, जन्म माँट्रियलशेजारच्या लावालचा; पण व्यावसायिक संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून अनुभव शून्य. आपल्या मुलांच्या संघांना शिकवणे हीच काय ती पुंजी. लोकांनी भुवया उंचावल्या. पहिली वर्षे पराभवाचीच गेली, पण चालकांनी धीर धरला. २०२४-२५च्या मोसमात तरुण संघ बाद फेरीत पोहोचला आणि सर्वोत्तम प्रशिक्षकाच्या पुरस्कारासाठीच्या अंतिम तिघांत सँ-लुई यांचे नाव आले.

भाच्याला हे कळवले तेव्हा तो म्हणाला, “पण मामा, चषक कुठाय?” बरोबर आहे त्याचे. भाषेने प्रशिक्षकाला दार उघडून मिळते. आत टिकायचे तर सामनेच जिंकावे लागतात. सँ-लुई यांनाही त्यातून सूट नाही.