असगर अली इंजिनिअर : कुरआन उघडून स्त्रियांचे हक्क सांगणारा माणूस

‘इंजिनिअर’ हे नाव ऐकून माझ्या वर्गातल्या मुली विचारतात, सर, हे पूल बांधायचे का? खरंच ते सिव्हिल इंजिनिअर होते. उज्जैनच्या विक्रम विद्यापीठातून पदवी घेतली आणि सुमारे 20 वर्षं मुंबई महापालिकेत नोकरी केली. पण नाव झालं ते वेगळ्याच कामासाठी.

असगर अली यांचा जन्म 1939 चा, राजस्थानातल्या सलुंबरचा. वडील बोहरा समाजाचे आमिल. अरबी, तफसीर, हदीस, फिकह हे सगळं घरातच वडिलांकडून शिकले. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे ‘यांना दीन काय कळतो’ असं म्हणणारे पुष्कळ भेटले.

स्त्रियांच्या हक्कांबद्दल त्यांचं म्हणणं असं होतं. कुरआनातल्या काही आयती कायमची मूल्यं सांगतात : इन्साफ, एहसान, रहम. काही आयती त्या काळातल्या परिस्थितीला उत्तर देतात. दोन्ही एका मापाने मोजू नका. एकापेक्षा जास्त निकाहांचंच बघा. सूरह निसाच्या तिसऱ्या आयतीत आधी यतिमांचा उल्लेख येतो. उहुदच्या लढाईनंतर विधवा आणि अनाथ मुलांचा प्रश्न समोर उभा होता. त्याच आयतीत न्याय करता येणार नाही अशी भीती असेल तर एकच, असंही आहे. आणि 129 वी आयत सांगते की कितीही इच्छा असली तरी बायकांमध्ये पूर्ण न्याय तुम्हाला जमणार नाही. आपल्याकडे पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ असतो, पुढचा कुणी वाचत नाही!

मग शाहबानो प्रकरण आलं. इंदूरच्या या वृद्ध बाईला हायकोर्टाने महिना 179 रुपये 20 पैसे पोटगी ठरवली होती. 1985 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली आणि देशभर मोर्चे निघाले. इंजिनिअर साहेब निकालाच्या बाजूने उभे राहिले. तलाक दिलेल्या स्त्रीला रीतीप्रमाणे काही द्यावं, हे सूरह बकराच्या 241 व्या आयतीत आहेच की. एका दमात तीन तलाक कुरआनाच्या पद्धतीत बसत नाही, हेही ते वर्षानुवर्षं सांगत राहिले. सुप्रीम कोर्टाने तो 2017 मध्ये रद्द केला. तोवर ते हयात नव्हते.

दुसरं काम अमनचं. 1961 च्या जबलपूर दंगलीने ते हादरले होते. पुढे दंगल झाली की ते त्या गावी जायचे, लोकांशी बोलायचे, लिहून काढायचे. धर्माच्या नावाआड बाजारातली चढाओढ आणि निवडणुकीचं गणित कसं असतं, ते दाखवायचे. 1984 च्या भिवंडी-मुंबई दंगलीवरही त्यांनी लिहिलं. 1993 मध्ये मुंबईत ‘सेंटर फॉर स्टडी ऑफ सोसायटी अँड सेक्युलॅरिझम’ सुरू केलं.

किंमतही मोजावी लागली. बोहरा सुधारणा चळवळीमुळे समाजाचा बहिष्कार, अनेकदा हल्ले, 2000 मध्ये मुंबईत घराची आणि कार्यालयाची नासधूस. 2004 मध्ये स्वामी अग्निवेश यांच्यासोबत त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. 14 मे 2013 रोजी मुंबईत त्यांचा इंतकाल झाला.

त्यांची सगळीच मतं पटतील असं नाही, मलाही पटत नाहीत. पण मुलीचा निकाह ठरवताना मेहर किती, तलाक-ए-तफवीझची अट निकाहनाम्यात लिहायची का, हे काझी साहेबांना आधी विचारून घ्या. निकाहनामा सहीच्या वेळी पहिल्यांदा वाचायचा कागद नाही.