शिंपल्याच्या पेशीतला धूमकेतू

गोड्या पाण्यातल्या शिंपल्याचं रक्त काढायला त्याला मारावं लागत नाही. शिंपा किंचित उघड्या धरायच्या, सुई मागच्या स्नायूपर्यंत न्यायची आणि सिरिंजचा दट्ट्या अगदी सावकाश ओढायचा. घाई केली की पेशी फुटतात, आणि मग दिसलेली मोडतोड पाण्यातल्या कॅडमियम या विषारी धातूची की आपल्या हाताची, हे सांगता येत नाही. सुईत येतो तो जवळजवळ रंगहीन थेंब.

हे शिंपले पैठणच्या नाथसागरातले, लॅमेलिडेन्स प्रजातीचे. क्लोरीन उडालेल्या पाण्यात ते आधी स्थिरावू द्यायचे. मग एका टाकीत अल्प कॅडमियम क्लोराईड घालायचं, दुसरीत काहीच नाही; नंतर दोन्हींतल्या शिंपल्यांचं रक्त वरच्या रीतीने काढायचं.

पुढचं काम मंद पिवळ्या उजेडात चालतं, कारण प्रखर प्रकाशानेही डीएनए तुटतो. रक्तातल्या पेशी कोमट अगारोजमध्ये, म्हणजे थिजल्यावर जेलीसारख्या होणाऱ्या पदार्थात, मिसळून काचपट्टीवर पसरायच्या. खारट, डिटर्जंटयुक्त द्रावणात, थंडीत, तासभर ठेवल्या की पेशीचं आवरण विरघळतं आणि डीएनएचा गोळा तेवढा जागच्या जागी राहतो. नंतर तेरापेक्षा जास्त सामूच्या द्रावणात त्याचे पीळ सुटू द्यायचे आणि वीज सोडायची. नरेंद्र सिंग व सहकाऱ्यांनी १९८८मध्ये मांडलेली ही अल्कधर्मी कॉमेट चाचणी.

रंगद्रव्य घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की स्वच्छ टाकीतल्या पेशी गोल, नीटस दिसतात. कॅडमियमच्या टाकीतल्या कित्येक पेशींना मात्र धूमकेतूसारखी शेपटी फुटलेली असते. ती शेपटी म्हणजे तुटून धन ध्रुवाकडे सरकलेला डीएनए. ती जितकी ठळक, तितकी इजा मोठी. मला त्यात सर्वांत गंभीर वाटतं ते हे, की कॅडमियम पेशीची दुरुस्ती करणारी यंत्रणाच अडवतं. रोजची किरकोळ तूटही मग सांधली जात नाही. आणि हे घडत असताना शिंपला जिवंत असतो, पाणी गाळत असतो, बाहेरून धडधाकट दिसतो.

नदी तपासताना शिंपला म्हणूनच उपयोगी. पाण्याचा नमुना बाटली भरली त्या क्षणापुरतं सांगतो. कारखान्याचं सांडपाणी रात्री सोडलं आणि नमुना दुपारी घेतला, तर अहवाल निर्दोष येऊ शकतो. शिंपला मात्र जागा फारशी सोडत नाही आणि गाळलेल्या पाण्यातले धातू अंगात साठवतो. मासे तरंगेपर्यंत वाट पाहणाऱ्या तपासणीला मी तपासणी म्हणणार नाही. तुमच्या नदीचा अहवाल हाती आला, तर नमुना कधी घेतला आणि तिथले शिंपले कुणी तपासले का, एवढं जरूर विचारा.