विमा गोंदियाचा, उपचार नागपूरचा

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सीमांना भिडलेल्या गोंदिया जिल्ह्यात आरोग्य विमा घेताना बहुतेक कुटुंबे आधी हप्त्याची चौकशी करतात; वास्तविक आधी ठरवायचे असते ते हे, की मोठे आजारपण आले तर रुग्णाला न्यायचे कोठे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, आणि केटीएस व बाई गंगाबाई या जुन्या रुग्णालयांमध्ये बाळंतपणापासून अपघातापर्यंतचे उपचार होतात. तरीही हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग किंवा मेंदूचा विकार असला की रुग्णाचे नातेवाईक बहुधा नागपूरचाच रस्ता धरतात. विम्याची निवड याच रस्त्याच्या हिशेबाने व्हावयास हवी.

अनेक कंपन्या हप्ता ठरवताना देशाचे विभाग पाडतात आणि लहान शहरांतील ग्राहकाला महानगरातील ग्राहकापेक्षा कमी हप्ता लावतात. ही सवलत आकर्षक असली, तरी काही पॉलिसींमध्ये तिच्यासोबत अशी अट असते, की कमी हप्त्याच्या विभागातील ग्राहकाने वरच्या विभागातील शहरात उपचार घेतल्यास बिलाचा ठरावीक टक्के भाग, म्हणजे ‘को-पे’, त्याने स्वतः भरावा. त्यामुळे नागपूर, मुंबई आणि हैदराबाद ही शहरे कोणत्या विभागात मोडतात, हे विक्रेत्याच्या तोंडून ऐकण्याऐवजी पॉलिसीच्या कागदावर वाचलेले बरे.

खोलीभाड्याची मर्यादा तर याहूनही फसवी आहे, कारण ती केवळ भाड्यापुरती राहत नाही. पॉलिसीत दररोज ४,००० रुपयांची खोली मान्य असताना रुग्णाने ८,००० रुपयांची घेतली, तर वरचे ४,००० रुपये खिशातून जातातच, शिवाय डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचे भाडे असे खोलीच्या दर्जाशी जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मेच, मंजूर होऊ शकतात. औषधे आणि शरीरात बसवायची उपकरणे मात्र या प्रमाणशीर कपातीतून वगळलेली आहेत. विमा नियामकाने १ एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांना विकणे बंधनकारक केलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत खोलीभाडे विमा रकमेच्या २ टक्के, पण दिवसाला कमाल ५,००० रुपये, आणि सर्व दाव्यांवर ५ टक्के को-पे अशी मांडणी आहे. तिच्या अटी सर्वत्र सारख्या असल्याने तुलना सोपी होते, हा तिचा गुण. मात्र रुग्णवाहिकेसाठी तिने ठेवलेली २,००० रुपयांची मर्यादा गोंदियाहून नागपूरला खासगी गाडीने रुग्ण हलवताना किती तोकडी ठरेल, हे तो प्रवास केलेल्यांना सांगावे लागत नाही.

खासगी विम्याआधी सरकारी कवच तपासणे शहाणपणाचे आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना, जी २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली, तिचे संरक्षण १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारकांना, पांढऱ्या शिधापत्रिकेसह, खुले झाले असून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. मात्र ही योजना ठरलेल्या उपचारांच्या यादीवर आणि संलग्न रुग्णालयांवर चालते. यादीबाहेरचा आजार किंवा यादीबाहेरचे रुग्णालय असेल तर तिचा उपयोग नाही, आणि खासगी पॉलिसीची खरी गरज तेथूनच सुरू होते.

जन आरोग्य योजनेत जुन्या आजारांसाठी थांबावे लागत नाही, आणि सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण आढळणाऱ्या पूर्व विदर्भात ही बाब विशेष मोलाची आहे. खासगी पॉलिसीत, उलट, आधीपासून असलेल्या आजारावरील खर्च काही काळ मिळत नाही. हा ‘प्रतीक्षा काळ’ पूर्वी कमाल ४८ महिने होता, तो २०२४ मध्ये ३६ महिन्यांवर आणला गेला. सिकलसेलचा रुग्ण आणि केवळ वाहक यांत वैद्यकीयदृष्ट्या मोठा फरक असल्याने तपासणीचा अहवाल प्रस्तावासोबत जोडावा. विक्रेता ‘हे लिहू नका’ असे सुचवत असेल, तर तो आपली विक्री वाचवत असतो, ग्राहकाचा दावा नव्हे. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर माहिती दडवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाल्यास ते संरक्षणही उरत नाही.

कंपनीशी करार असलेल्या रुग्णालयात, म्हणजे ‘नेटवर्क’मध्ये, बिल कंपनीकडून परस्पर, म्हणजे ‘कॅशलेस’, चुकते होते. गोंदियातील तसेच नागपुरातील अशी रुग्णालये यादीत नावानिशी पाहावीत. जानेवारी २०२४ पासून यादीबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेसची सोय आहे, परंतु नियोजित उपचारापूर्वी ४८ तास आणि तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत कंपनीला कळवावे लागते, आणि रुग्णालयाचीही तयारी असावी लागते. पॉलिसी हाती पडल्यावर अटी पटल्या नाहीत, तर ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. तेवढ्या मुदतीत विभाग, को-पे, खोलीभाडे आणि रुग्णवाहिका ही चार कलमे तरी वाचून घ्यावीत.