संगणक थिजतो तेव्हा

एखादे यंत्र पुरते मोडले, तर मनुष्य त्याचा फारसा शोक करीत नाही. ते दुरुस्तीस टाकतो, नाहीतर नवे आणतो. परंतु जे यंत्र चार दिवस मुकाट्याने राबते आणि पाचव्या दिवशी अर्ध्या वाक्यावर दगडासारखे स्तब्ध होते, ते मात्र घरातील साऱ्यांचा धीर पाहते. आपल्या गावांतून आता मुलांचा अभ्यास, सोसायटीचे हिशेब, दुकानाची बिले असे कितीतरी व्यवहार संगणकावर चालतात; त्यामुळे "संगणक हँग झाला" हे वाक्य घरोघर ऐकू येते. या दुखण्याने आम्हांस जो धडा दिला, तो वाचकांपुढे ठेवावा, असे वाटते.

आमच्या कचेरीतील संगणक जुना आहे. गावातील एक होतकरू मुलगा संध्याकाळी येऊन जीर्ण नोंदवह्यांतील मजकूर त्यावर उतरवीत असे. गेल्या पावसाळ्यानंतर हे यंत्र अवचित थिजू लागले. पडद्यावरील चित्र तसेच राही, माऊसचा बाण हलेनासा होई आणि बटण दाबून धरून यंत्र बंद केल्यावाचून गत्यंतर नसे. शहरातील दुकानदारास विचारले, तेव्हा यंत्र न पाहताच तो म्हणाला, "कोणीतरी पेनड्राइव्हमधून व्हायरस आणला असेल. नवा संच घ्या." आमची नजर साहजिकच त्या मुलाकडे वळली. त्यास आम्ही चार कठोर शब्द सुनावले व येणे बंद करावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याची आई दारात उभी. ती म्हणाली, "फादर, पोराने काही बिघडवले असेल तर सांगा. थोडे थोडे करून आम्ही भरून देऊ."

त्या माउलीच्या शब्दांनी आम्ही ओशाळलो. मुलाने काही बिघडविले याचा पुरावा आमच्यापाशी काय होता? काहीच नव्हता. तेव्हा आधी दोष शोधावा, मग दोषी, असे आम्ही ठरविले.

पहिले काम केले ते सगळ्या नोंदींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवण्याचे. थिजणारा संगणक उद्या उघडेलच, याची शाश्वती नसते. प्रत हाती असली, म्हणजे पुढची तपासणी निर्भयपणे करता येते.

दुसरे काम वहीचे. यंत्र थिजले की तारीख, वेळ, त्या वेळी चालू असलेले काम, सुरू केल्यापासून किती वेळ गेला आणि कळफलकावरील कॅप्स लॉकचा दिवा लागतो की नाही, एवढे लिहावयाचे. दिव्याची ही खूण फार उपयोगी आहे. कळ दाबताच दिवा लागत-विझत असेल, तर बहुधा एखादा प्रोग्रॅमच अडलेला असतो. कंट्रोल, ऑल्ट व डिलीट या कळा एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून तो बंद करता येतो. दिवाही हलत नसेल, तर सबंध यंत्रच थांबले, असे समजावे. मग संशय यंत्राच्या अवयवांवर किंवा त्यांना चालविणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रॅमांवर घ्यावा लागतो.

तीन आठवड्यांत वहीत अकरा नोंदी झाल्या. दिवा एकदाही हलला नव्हता. कधी टंकलेखन चालू होते, तर कधी यंत्र नुसतेच उघडे होते. या सबंध काळात त्या मुलाने संगणकास हातही लावला नव्हता. व्हायरसची तपासणीही निर्मळ निघाली.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये पाहिले, तर प्रत्येक वेळी 'कर्नेल-पॉवर ४१' अशी नोंद होती. ती पाहून पुष्कळ लोक विजेला दोष देतात. वस्तुतः यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले, एवढेच ती नोंद सांगते. कारण सांगत नाही.

मग एका वेळी एकच गोष्ट तपासावयाची, हा नियम आम्ही कटाक्षाने पाळला. एकदम चार बदल केले आणि दुखणे थांबले, तर कशाने थांबले हे कधीच कळत नाही. प्रथम उष्णता. वायर काढून, बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ दिली आणि कॅबिनेट उघडले. प्रोसेसरवरील पंख्याच्या पात्यांखाली धुळीची गादीच बसली होती. पंखा बोटाने धरून मऊ कुंचल्याने ती झाडली व वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. बहुतेक प्रोसेसर ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या सुमारास आपला वेग आपणच आवरतात. आमचा तर भर कामातही ७० अंशांच्या वर गेला नाही. तरीही तिसऱ्या दिवशी यंत्र थिजले. उष्णता निर्दोष ठरली.

नंतर मदरबोर्डवरील लहान नळकांड्यांसारखे कपॅसिटर न्याहाळले. सुमारे १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या कित्येक मदरबोर्डांवर सदोष कपॅसिटर बसले होते. त्यांची टोपणे फुगत, द्रव पाझरे आणि यंत्रे अशीच अवचित थांबत. आमच्या बोर्डावर तसे काही दिसले नाही. वीज पुरविणारा एसएमपीएस ओळखीच्या घरून दुसरा आणून चार दिवस लावून पाहिला. फरक पडला नाही. ही पेटी स्वतः उघडू नये. वायर काढल्यानंतरही आत वीज साठून राहते. हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. तीही ठीक निघाली.

राहिली मेमरी, म्हणजे रॅम. आमच्या यंत्रात प्रत्येकी ४ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. मेमटेस्ट८६ नावाचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घालून त्यावरून यंत्र सुरू केले आणि तपासणी चालू ठेवली. तासाभरातच पडद्यावर तांबड्या अक्षरांत चुका उमटू लागल्या. पट्ट्यांचे सोनेरी काठ खोडरबराने हलक्या हाताने पुसून पाहिले. चुका कायम राहिल्या. मग एकेक पट्टी वेगळी तपासली. एक पट्टी रात्रभर निर्दोष चालली. दुसरी त्याच खाचेत चुकली आणि खाच बदलली तरी चुकली. याचा अर्थ खाच चांगली, पट्टी वाईट. ज्यांस हा खटाटोप नको, त्यांच्यासाठी विंडोजमध्येच मेमरी डायग्नोस्टिक नावाची साधी तपासणी आहे.

अशा दोषाने यंत्र नेमके कधी थिजेल, हे का सांगता येत नाही? एका ४ जीबीच्या पट्टीत सुमारे ३,४०० कोटी सूक्ष्म घरे असतात. प्रत्येक घरात विजेचा लवलेश असतो किंवा नसतो, एवढीच त्याची भाषा. ही वीज हळूहळू गळते, म्हणून ती सेकंदाला पंधराहून अधिक वेळा पुन्हा भरली जाते. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचे पेटंट १९६८ साली मिळाले, आणि आजही मेमरी त्याच तत्त्वावर चालते. इतक्या घरांपैकी थोडी जरी निकामी झाली, तरी त्यांच्यात महत्त्वाचा मजकूर येऊन पडेपर्यंत यंत्र सुरळीत चालते. पडला, की घात होतो. मोठ्या गावातील एका घराचे छप्पर गळत असावे, पण त्या घरी पाहुणा उतरेपर्यंत कोणास पत्ता नसावा, तसा हा प्रकार आहे.

वाईट पट्टी काढून आम्ही पंधरा दिवस एकाच पट्टीवर काम केले. वहीत एकही नोंद झाली नाही. मग त्याच जातीची नवी पट्टी आणली. नव्या संचाचा खर्च वाचला. तथापि एक काम उरले होते. सदोष मेमरीतून गेलेला मजकूर डिस्कवर चुकीचा लिहिला गेलेला असू शकतो. आणि आम्ही काढलेली प्रतही त्याच मेमरीतून गेली होती. म्हणून आम्ही सिस्टम फाइल चेकर चालवून विंडोजच्या फायली तपासल्या, आणि उतरविलेल्या नोंदी मूळ वह्यांशी पानोपान ताडून पाहावयाचे ठरविले.

त्या कामास माणूस हवा होता. आम्ही स्वतः त्या मुलाच्या घरी गेलो, त्याच्या आईसमक्ष आमची चूक कबूल केली आणि त्यास पुन्हा येण्याची विनंती केली. तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "फादर, ती वही मला दाखवाल का?" त्याने ती शेवटपर्यंत वाचली. दुसऱ्या दिवसापासून तो हजर झाला. नोंदी ताडताना दोन फायली बिघडलेल्या सापडल्या. त्या त्याने नव्याने लिहून काढल्या.

दोष वापरणाराच्या हाताचा नसून वस्तूतच असतो, असे मोठ्या प्रमाणावरही घडते. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर असेच अडू लागले, तेव्हा २०२४ साली कंपनीनेच मान्य केले की, त्यांना गरजेहून अधिक व्होल्टेज मिळत होते. त्यावरील दुरुस्ती त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निघाली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविण्यात आली. तोवर कित्येकांनी आपल्याच हातून काही बिघडले असावे, असा ग्रह करून घेतला असेल!

वाचकहो, आपल्या घरचा संगणक थिजू लागला, तर मुलांवर ओरडण्यापूर्वी एक वही घ्यावी. प्रथम प्रत, मग नोंद, मग एकेक तपासणी, हा क्रम सोडू नये. आमची ती वही अजून संगणकाशेजारीच ठेवलेली आहे. तिची पुढची पाने कोरी आहेत, आणि ती कोरीच राहोत.