दोषाचे माप कोणाच्या पदरात? 'मॅकबेथ' आणि त्याचे वाचक

'मॅकबेथ' ही शेक्सपिअरची सर्वांत आटोपशीर शोकांतिका. 'हॅम्लेट' चार हजार ओळींच्या आसपास जाते. 'मॅकबेथ' जेमतेम एकवीसशे ओळींत संपते. १६०६ च्या सुमारास लिहिलेले हे नाटक छापले गेले १६२३ मध्ये, शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, आणि आज हाती असलेली संहिता काटछाट होऊन आलेली असावी, असे अनेक अभ्यासकांना वाटते. या आटोपशीरपणाने नाटकाला वेग दिला, तशी वाचकांत भांडणेही लावून दिली. राजा डंकनच्या खुनाचा विचार मॅकबेथच्या मनात पहिल्यांदा कधी आला? लेडी मॅकबेथला मूल होते का? खुनानंतर तिला आलेली भोवळ खरी की सोंग? मॅकबेथचा सोबती सरदार बँको याच्यावर चालून जाणारा तिसरा मारेकरी कोण? नाटक यांपैकी कशाचेच सरळ उत्तर देत नाही.

सर्वांत जुना वाद मॅकबेथला राजपदाचे भविष्य सांगणाऱ्या तीन चेटकिणींचा. सायमन फोरमन या लंडनच्या ज्योतिषी-वैद्याने १६११ मध्ये ग्लोब नाट्यगृहातला प्रयोग पाहून टिपण लिहिले. त्यात या तिघी परी किंवा अप्सरा म्हणून येतात. पुढच्या प्रेक्षकांना त्या दाढीवाल्या हडळी दिसल्या, तर विसाव्या शतकातल्या कित्येकांना मॅकबेथच्याच मनातल्या सुप्त वासना. टेरी ईगल्टन या मार्क्सवादी समीक्षकाने तर १९८६ साली चेटकिणींनाच नाटकाच्या खऱ्या नायिका ठरवले: हिंसेवर उभ्या असलेल्या सरंजामी व्यवस्थेचे पितळ त्या उघडे पाडतात म्हणून. मत धाडसी आहे. मात्र सूडापोटी खलाशाला छळायला निघालेल्या बायकांना क्रांतिकारक म्हणण्यासाठी संहितेकडे बरीच डोळेझाक करावी लागते.

सामान्य वाचकाचा प्रश्न साधा असतो. भविष्य आधीच ठरलेले असेल, तर मॅकबेथचा दोष काय? या बाजूने बोलणारे पुष्कळ आहेत, पण त्यांचा पक्ष लंगडा आहे. चेटकिणी राजपद मिळेल एवढेच सांगतात. खुनाचा शब्दही काढत नाहीत. तेच भविष्य शेजारी उभा असलेला बँकोही ऐकतो, त्यालाही मोह होतो, पण तो सुरा उचलत नाही. आणि पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशातल्या स्वगतात मॅकबेथ स्वतःच सगळा हिशेब मांडतो. डंकन आपला राजा आहे, नातेवाईक आहे, पाहुणा आहे, चांगला माणूस आहे. आपल्याजवळ महत्त्वाकांक्षेखेरीज कारण नाही. एवढे स्वच्छ कळूनही जो खून करतो, त्याला नियतीच्या आड लपता येत नाही.

डंकनचा चांगुलपणा ही शेक्सपिअरची मुद्दाम केलेली निवड आहे. त्याने ज्या होलिनशेडच्या बखरीवरून कथा घेतली, तिच्यात डंकन मवाळ, कारभारात ढिला. बँको खुनाच्या कटात सामील. आणि मॅकबेथ पहिली दहा वर्षे नीट राज्य करणारा. खऱ्या मॅकबेथने १०४० ते १०५७ अशी सतरा वर्षे स्कॉटलंडवर राज्य केले आणि डंकन अंथरुणात नव्हे, लढाईत मेला. पण १६०६ मध्ये इंग्लंडच्या गादीवर स्टुअर्ट घराण्याचा पहिला जेम्स होता आणि ते घराणे बँकोला आपला मूळपुरुष मानत होते. मग बँको निर्मळ होणे ओघानेच आले. मॅकबेथला सहानुभूती मिळण्याच्या बहुतेक ऐतिहासिक सबबी अशा रीतीने नाटककाराने काढून घेतल्या, आणि तरीही प्रेक्षक त्याच्यासाठी हळहळतो. नाटकाची खरी करामत इथे आहे.

सॅम्युअल जॉन्सनला ही हळहळ मान्य नव्हती. शेक्सपिअरच्या नाटकांच्या त्याच्या १७६५ च्या आवृत्तीत निकाल रोखठोक आहे: पात्रांच्या स्वभावात सूक्ष्म छटा नाहीत, लेडी मॅकबेथचा निव्वळ तिटकारा येतो आणि मॅकबेथच्या पतनाने प्रत्येक वाचकाला आनंद होतो. याउलट अब्राहम लिंकनने १८६३ मध्ये एका नटाला लिहिलेल्या पत्रात 'मॅकबेथ'ला तोड नाही, असे म्हटले. एप्रिल १८६५ मध्ये, हत्येच्या पाच दिवस आधी, बोटीवरच्या सोबत्यांना त्याने या नाटकातले उतारे वाचून दाखवले. खुनी मॅकबेथला मेलेल्या डंकनच्या शांत झोपेचा हेवा वाटतो, त्या भागाशी तो रेंगाळला. जॉन्सनला ज्या छटा दिसल्या नाहीत, त्या यादवी युद्ध अंगावर घेतलेल्या माणसाला दिसल्या.

लेडी मॅकबेथविषयी तर एकाच व्यक्तीची दोन मते सापडतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस सेरा सिडन्सने ही भूमिका अशी धगधगती केली की प्रेक्षक धास्तावत. पण तिच्या टिपणांतली लेडी मॅकबेथ गोरी, नाजूक, मोहक आहे. फ्रॉइडने १९१६ मध्ये तिच्या कोसळण्याचा संबंध अपत्यहीनतेशी जोडला. पण आपण मुलाला पाजले आहे, असे ती स्वतःच सांगते. मग ते मूल गेले कुठे? असल्या चौकशांना वैतागून समीक्षक एल. सी. नाइट्सने १९३३ मध्ये तिला मुले किती, हाच प्रश्न उपहासाने निबंधाचे शीर्षक केला. पात्रे म्हणजे शेजारची माणसे नव्हेत, नाटक हे नाट्यकाव्य म्हणून वाचा, हा त्याचा मुद्दा होता. रोख पात्रांची मने उकलणाऱ्या ए. सी. ब्रॅडलीच्या १९०४ च्या गाजलेल्या व्याख्यानांवर पोसलेल्या पिढीवर होता. नाइट्सचे म्हणणे तर्काला धरून असले, तरी वाचकांनी ते फारसे मनावर घेतले नाही.

दिग्दर्शकांना तर असे प्रश्न टाळताच येत नाहीत. विशाल भारद्वाजच्या, २००४ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'मकबूल'मध्ये मुंबईच्या गुन्हेगारी जगात चेटकिणींच्या जागी भविष्य सांगणारे दोन पोलीस येतात आणि लेडी मॅकबेथच्या जागी असलेल्या निम्मीला प्रत्यक्ष मूल होते. मराठीत शि. म. परांजपे यांनी 'मानाजीराव' आणि वि. वा. शिरवाडकरांनी १९५४ मध्ये 'राजमुकुट' या रूपांतरांतून ही कथा रंगभूमीवर आणली.

नाटकाच्या अखेरीस नवा राजा माल्कम आपला निकाल देतो: नवरा खाटीक, बायको राक्षसीण. पाच अंकभर त्या दोघांची झोपमोड जवळून पाहिलेल्या प्रेक्षकाला तो अपुरा वाटतो. गुन्ह्याबाबत माल्कम बरोबर आहे, माणसांबाबत नाही.